पायथनमध्ये लिस्टमधल्या डिक्शनऱ्यांचा गिऱ्हाईकवार तक्ता करायचाय, लूप लिहू का पांडाज या तयार लायब्ररीचं पिव्होट वापरू?

लूप लिहा. आता कुणीतरी येऊन "एका ओळीत होतं की राव" म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो.

तुमच्या प्रत्येक डिक्शनरीत, म्हणजे एकेका नोंदीत, गिऱ्हाईक, वस्तू आणि नग आहेत, आणि तुम्हाला गिऱ्हाईक उभे, वस्तू आडव्या, मध्ये नगांची बेरीज पाहिजे. आमच्या काकांचं सांगलीत मार्केट यार्डात आडत दुकान आहे, तिथं सेम हेच, फक्त शेतकरी, माल आणि वजन. मी साधं ठेवलं होतं, डिफॉल्टडिक्टच्या (की, म्हणजे ज्या नावाखाली आकडा ठेवतो ते, नसली तर स्वतः तयार करणारी डिक्शनरी) आत डिफॉल्टडिक्ट, आतल्याला फ्लोट, म्हणजे शून्यापासून सुरू होणारा दशांश आकडा, आणि लूपमध्ये प्रत्येक नोंदीचं वजन त्या शेतकऱ्याच्या त्या मालात मिळवत जायचं. दिवाणजींना इंग्रजी येत नाही पण तो लूप त्यांना समजावला तर समजला, कारण खतावणी तशीच लिहितात.

मग ऐन हळदीच्या सीझनला पुण्याचा चुलतभाऊ आला, तो कंपनीत डेटाचंच काम करतो. स्क्रीन बघून हसला, म्हणे दादा आता असं कोण लिहितं. बसल्या बसल्या सगळं काढून पांडाजचं पिव्होट टाकलं. त्याला लगेच एरर आली, एकाच शेतकऱ्याची हळद दोनदा आलीय, डुप्लिकेट आहे, रीशेप होत नाही. आता ही एरर म्हणजे पांडाज शहाणपणानं विचारतंय, की बाबा एका खान्यात दोन आकडे आलेत, काय करू? ह्यानं उत्तर दिलं नाही, पिव्होटच्या जागी पिव्होट टेबल हे दुसरं फंक्शन टाकलं, एरर गेली, गडी खूश, काकांनी चहा सांगितला.

पिव्होट टेबलला काय करायचं ते सांगितलं नाही तर ते बेरीज करत नाही, सरासरी काढतं! एका शेतकऱ्याचे तीन लॉट होते, १२, ८ आणि १० क्विंटल. तक्त्यात आले १०. पट्टी निघायच्या आधी दिवाणजींनी पेन्सिलीनं ३० लिहून कागद पुढं सरकवला. भाऊ म्हणतो एक सेटिंग द्यायचं राहिलं. बरं, दिलं, सम म्हणजे बेरीज टाकलं. तरी यार्डाच्या वजनाशी टोटल जुळेना, कारण एका लॉटला शेतकऱ्याचं नाव लावायचं राहिलं होतं आणि की रिकामी असेल तर पांडाज ती ओळ गुपचूप गाळतं. माझ्या लूपमध्ये तीच नोंद नन (पायथनचं "काहीच नाही") या नावाखाली दिसली असती, आणि त्या नोंदीत शेतकऱ्याची की मुळातच नसती तर कीएरर येऊन प्रोग्रॅम थांबला असता. थांबलेलं परवडतं.

पायथनच्याच आयटरटूल्सचं ग्रुपबाय (गट पाडणारं फंक्शन) कुणी सुचवलं तर आधी सॉर्ट करा, ते फक्त शेजारशेजारच्या नोंदी एकत्र करतं. आणि नाव एकटं की म्हणून वापरू नका, आमच्याकडं चार गावांत एकाच नावाचे चार पाटील निघतात, गाव आणि नाव मिळून टपल (न बदलणारी जोडी) करा, टपल की म्हणून चालतो, लिस्ट चालत नाही. सीएसव्ही फाइल काढताना डिक्टरायटरला (ती फाइल लिहिणारं साधन) सगळ्या वस्तूंची यादी आधी द्या, ज्यानं जी वस्तू घेतली नाही तो खाना तो रिकामा सोडतो.

हां, डिफॉल्टडिक्टमध्येपण एक खोड आहे, नसलेली की चौकटी कंसानं नुसती वाचली तरी ती तयार होते, म्हणून बघायचं असेल तर गेट वापरा. आणि लाखांनी ओळी असतील, वर तारखावार चाळण्या पाहिजे असतील तर पांडाजच घ्या, मी काय त्याच्या विरोधात नाही.

आमच्या भावाच्या नजरेस हे पडलं तर त्यानं फक्त एवढं सांगावं, एरर घालवायला फंक्शन बदललंस तेव्हा डिफॉल्ट, म्हणजे काही न सांगता ते स्वतः काय करतं, काय आहे ते वाचलं होतंस का. सेटिंग राहिलं हे उत्तर चालणार नाही.