दुखायची थांबलेली गाठ

खुर्चीवर बसता बसताच त्याची दोन बोटं जबड्याखाली गेली. पंचविशीतला मुलगा. तीन आठवड्यांपूर्वी गाठ हाताला लागली, तेव्हापासून दिवसभर चाचपणं आणि रात्री झोप नाही. "आधी दुखत होती, आता दुखत नाही. न दुखणारी गाठ कॅन्सरची असते ना?"

या अर्धवट खऱ्या वाक्याने माझ्याकडे आलेल्या कितीजणांची झोप घालवली आहे! जंतुसंसर्गाची गाठ बहुधा दोन-चार दिवसांत येते, दुखते, बोटाखाली सरकते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तसंच हे. कॅन्सरची गाठ बहुतेकदा न दुखता वाढत जाते, हाताला टणक किंवा रबरासारखी लागते. पण बरी होत आलेली गाठही दुखायची थांबतेच की! शिवाय टीबीची गाठ, जुन्या लोकांची गंडमाळ, जंतूंचीच असूनही सहसा दुखत नाही.

गाठीआधी काय झालं होतं, हे आठवायला त्याला वेळ लागला. अक्कलदाढ सुजली होती. गोळ्यांनी सूज उतरली, दाढ तशीच राहिली. (गाठीचं रोजचं माप तोंडपाठ, दाढ मात्र विसरलेली!) वजन घटलेलं नव्हतं, ताप नव्हता, रात्री कपडे भिजवणारा घाम नव्हता.

गाठ तपासणं माझं काम नाही, माझं काम ऐकायचं आणि समजावायचं. डॉक्टरांनी पाहिली: दीड सेंटिमीटर, सरकणारी. हासळीच्या हाडावरचा खळगाही चाचपला. तिथे छोटी गाठ असती तरी पुढच्या तपासण्यांसाठी ते थांबले नसते. दाढेचा इलाज करा, तीन आठवड्यांनी या, तेव्हा गाठ उतरली नसेल तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून पाहणं) करू, असं ठरलं.

"आत्ताच सुई का नको?" तो मला विचारत राहिला. दाबून दाबूनही गाठ हुळहुळी होते, हे त्याला पटलं. आठवड्यातून एकदाच हात लावायचा, असं मी म्हटलं; घासाघीस होऊन बुधवार आणि रविवारवर तडजोड झाली.

त्याच सुमारास एका बाईंना मात्र तपासणीसाठी मागे लागून पाठवावं लागलं. मानेतली गाठ दोन महिने वाढत होती, वजन उतरलं होतं, आणि त्या म्हणत होत्या, "दुखत नाही, मग कशाला?" सुईच्या तपासणीत नेमकं कळेना, म्हणून अख्खी गाठ काढून तपासली. लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. उपचार सुरू आहेत.

मुलाने दाढ काढून घेतली. तीन आठवड्यांनी गाठ वाटाण्याएवढी उरली होती. "पूर्ण का गेली नाही?" संसर्गानंतर असा वाटाणा महिनोन्‌महिने राहू शकतो, डॉक्टरांनी सांगितलं. तो ऐकत होता, हात मांडीवर. त्या दिवशी बुधवार होता.