मराठी माध्यमातून शिकलोय, ऑफिसच्या मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायला कसं शिकू?

तुम्ही लिहिलंय की मेल वाचता येतात, समोरचा काय म्हणतो तेही बरंचसं कळतं, पण कॉलवर तोंड उघडत नाही आणि साधी मीटिंगची वेळ ठरवायची तरी शेजारच्याच्या हातात फोन द्यावा लागतो. मी यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बार्शीची, मराठी माध्यमाची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. डिप्लोमा करून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागले. आज पंधरा वर्षं झाली. आठवड्याला तीन-चार कॉल जर्मनीशी असतात आणि ते मीच घेते.

तुम्हाला लागणारं इंग्रजी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप कमी आहे. रोजच्या कामातली दीडेकशे वाक्यं, वेळ, तारीख आणि आकडे. एवढं पक्कं झालं की मीटिंग निभते. मी आधी दोन क्लास केले. तिथे विमानतळावर काय बोलायचं, हॉटेलात काय मागायचं ते शिकवलं. लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल, रिजेक्ट झाला तर काय बोलायचं ते कोणी शिकवलं नाही.

माझी पहिली मोठी चूक शब्द न आल्यामुळे झाली नव्हती. नोकरीचं तिसरं वर्ष. एका ब्रॅकेटच्या लॉटमध्ये भोकाचा व्यास मोठा निघाला. मॅनेजर रजेवर, कस्टमरचा फोन माझ्याकडे आला. समोरचा माणूस शांतपणे सांगत होता : त्यांच्या गोदामातला, वाटेतला आणि आमच्याकडचा सगळा माल शंभर टक्के तपासायचा, त्यासाठी बाहेरची एजन्सी लावायची, खर्च आमच्या कंपनीचा. मी प्रत्येक वाक्याला ‘येस, येस, ओके’ म्हणत होते. आपल्याकडे समोरचा बोलत असताना आपण ‘हं, हो, हो’ करतो ना, तसं. त्याचा अर्थ एवढाच की ऐकतेय, बोला. संध्याकाळी त्यांच्याकडून मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची लेखी नोंद, आले आणि त्यात लिहिलं होतं की सॉर्टिंगचा, म्हणजे या तपासणीचा, पूर्ण खर्च सप्लायरने, म्हणजे आम्ही, मान्य केला आहे. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी रजा मोडून तासभर बोलून तो खर्च निम्म्यावर आणला. मला ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून ऐकत असताना मी ‘आय सी’ म्हणते, किंवा ‘ऑलराइट, प्लीज गो ऑन’. ‘येस’ फक्त मान्य असेल तेव्हा, आणि तेही पूर्ण वाक्यात : ‘येस, वी ॲग्री टू धिस’. ठरवायचा अधिकार माझा नसेल तर ‘लेट मी चेक विथ माय मॅनेजर, आय विल कन्फर्म बाय फोर ओक्लॉक टुडे’. हे शेवटचं वाक्य आजच पाठ करा. यात कमीपणा काही नाही. समोरच्यालाही बरं वाटतं, कारण त्याला उत्तर कधी मिळणार ते कळतं.

आता काम सांगण्याबद्दल. आपण मनात मराठीत विचार करतो यात काही चूक नाही. अडचण होते ती आपली मराठी वाक्यं अर्धवट असतात म्हणून. ‘चेक करायचं राहिलं.’ ‘गेज बदलायचं राहून गेलं.’ हे आपण दिवसातून दहादा म्हणतो, आणि कोणी केलं नाही ते त्यात येतच नाही. तेच इंग्रजीत न्यायला गेलं की ‘चेकिंग रिमेन्ड’ असं काहीतरी तोंडून जातं आणि काय झालं ते समोरच्याला कळतच नाही. म्हणून आधी मराठी वाक्य पुरं करायचं : कोणी, काय, केव्हा. ‘दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने पहिला पीस तपासला नाही.’ एवढं झालं की इंग्रजी आपोआप येतं : ‘द सेकंड शिफ्ट ऑपरेटर डिड नॉट चेक द फर्स्ट पीस’. बारा-पंधरा शब्दांच्या वर वाक्य जाऊ द्यायचं नाही.

आमच्या धंद्यात तक्रार आली की एट-डी रिपोर्ट भरतात, म्हणजे चूक कशी झाली आणि काय बदलणार ते पायरीपायरीने लिहायचा अहवाल. ही पद्धत १९८७ च्या सुमारास फोर्ड कंपनीतून आली. तिच्या पायऱ्यांनीच मला बोलायला शिकवलं असं मी म्हणेन. काय झालं, किती नगांत झालं, तूर्त काय थांबवलं, कशामुळे झालं, काय बदलणार, कधीपर्यंत. या क्रमाने सहा वाक्यं तयार असली की अर्धा तासाचा कॉल निघतो. तुमचं काम अकाउंट्सचं किंवा सॉफ्टवेअरचं असेल तर क्रम आणखी सोपा : काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. व्याकरणाचा फार बाऊ करू नका. फक्त ‘काल पाठवलंय’ याचं ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ करू नका. काल, परवा, सोमवारी असं आलं की सरळ ‘आय सेंट इट यस्टरडे’.

अपॉइंटमेंट आणि वेळ यांत मात्र खरोखर जपावं लागतं, कारण इथे मराठी आणि इंग्रजी कधी कधी उलट्या दिशेने चालतात. आपण मीटिंग ‘पुढे ढकलतो’ म्हणजे ती उशिरा होणार. इंग्रजीत उशिरा होणारी मीटिंग ‘पुश्ड बॅक’ होते, म्हणजे शब्दशः मागे, आणि ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे आधी घेतली. मनातल्या मनात भाषांतर केलंत की हमखास उलटं होणार. ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो, बाहेरच्यांना कळेलच असं नाही. ‘परवा’ आपल्याला मागचाही चालतो आणि पुढचाही, तिकडे दोन्हींसाठी वेगळं बोलावं लागतं. आणि ‘शुक्रवारपर्यंत’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. ‘शुक्रवारपर्यंत पाठवते’ असेल तर ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत मी पुण्यात आहे’ असेल तर ‘टिल फ्रायडे’. ‘आय विल सेंड इट टिल फ्रायडे’ म्हणणारे आमच्याकडे अजून पुष्कळ आहेत.

एकदा कॉलवर समोरून ‘हाफ टेन’ असं ऐकू आलं. मी साडेदहा धरलं, कारण इंग्रज लोक साडेदहालाच तसं म्हणतात. पण जर्मन भाषेत ‘अर्धे दहा’ म्हणजे साडेनऊ, आणि तो माणूस आपल्या भाषेतून बोलला होता. आम्ही पोचेपर्यंत त्यांची तासाभराची मीटिंग संपली होती. म्हणजे भाषांतर करताना तेही चुकतात. आता मी आकड्यांतच सांगते, ‘टेन थर्टी’, आणि कोणाच्या घड्याळाने तेही. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात मेल करून वेळ परत विचारायची. ‘आयएसटी’ लिहू नका, इस्रायल आणि आयर्लंडची वेळही त्याच अक्षरांनी लिहितात. ‘इंडिया टाइम’ लिहा. तारखेत महिना अक्षरांत लिहा, ५/६ म्हणजे अमेरिकेत ६ मे होतो.

आकडे तर दोनदा बोलायचेच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’. लाख-कोटी बाहेर कोणाला कळत नाही : लाख म्हणजे हंड्रेड थाउजंड, कोटी म्हणजे टेन मिलियन.

सराव मी कंपनीच्या बसमध्ये केला. पिंपरीहून चाकणला जाताना शेजारी बसणारी मैत्रीण रोज कस्टमर व्हायची आणि मी तिला कालचं काम इंग्रजीत सांगायचे. ती आडवे प्रश्न विचारायची, ‘व्हाय? हाऊ मेनी? सिन्स व्हेन?’ सुरुवातीला आजूबाजूचे बघायचे, आठवडाभरात त्यांनी बघणं सोडलं. तीन महिन्यांत जीभ सुटली. ॲपवर एकट्याने बोलण्यापेक्षा असं एक माणूस शोधा. नाहीच मिळालं तर मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका.

आणि मीटिंग सुरू होतानाच सांगा, ‘आय विल टेक द मिनिट्स’. हे काम कोणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. मग कोणालाही थांबवून ‘सॉरी, फॉर द मिनिट्स, कुड यू रिपीट दॅट?’ म्हणायचा तुम्हाला हक्क मिळतो. समजलं नाही म्हणून विचारताय असं कोणाला वाटत नाही. आणि काय ठरलं ते तुमच्या शब्दांत लिहिलं जातं. माझ्या त्या सॉर्टिंगच्या प्रकरणात मिनिट्स मी लिहिले असते तर, असं मला अजून वाटतं.

मध्येच टीमशी बोलायची गरज पडली तर मराठी दडवू नका. ‘गिव्ह अस टू मिनिट्स, वी विल डिस्कस इन मराठी’ असं सांगून म्यूट करा आणि मोकळं बोला. पहिल्यांदा म्हणताना माझा आवाज कापला होता. समोरचा माणूस ‘शुअर’ म्हणाला आणि त्याच्या शेजारच्याशी जर्मनमध्ये बोलायला लागला.