घर आणि हक्क : पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत का?

हेलीन २६ सप्टेंबर २०२४ ला आलं आणि मिल्टन ९ ऑक्टोबरला. तेरा दिवसांत दोन हरिकेन! पहिल्याचा ओला गालिचा अजून दारात पडलेला, आणि दुसऱ्यासाठी खिडक्यांना प्लायवूड ठोकायची वेळ आली. या वेळची बहुतेक पत्रं फ्लोरिडातल्या टँपा बे भागातली आहेत. मी वकील नाही. एकोणीस वर्षं विम्याच्या क्लेम डेस्कवर काढली आणि आता निवृत्त आहे. माझ्याही घरात पाणी शिरलं होतं, त्यामुळे हे सगळं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय, एवढंच.

ताई, आम्ही सेंट पीटर्सबर्गला शोअर एकर्समध्ये राहतो. हेलीनच्या रात्री घरात गुडघाभर पाणी आलं. होमओनर्स पॉलिसी आहे, फ्लडची नाही. फेमाकडे (सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेकडे) अर्ज केला, तर ‘नॉट अप्रूव्ह्ड’ असं पत्र आलं. हे म्हणतात, नाद सोड. सोडू का? पत्राचा फोटो जोडला आहे.

सोडू नका. फोटो मोठा करून पाहिला. तुम्ही दोघांनी ठळक अक्षरांतली ओळ वाचली आणि कागद ठेवून दिलात, हो ना? त्याच्याच खाली लिहिलंय की विमा कंपनीचा निर्णय मिळालेला नाही. तुम्हाला मदत नाकारलेली नाही, एक कागद मागितलाय.

ज्या नुकसानीचे पैसे विमा देतो, त्याचे पैसे फेमा कायद्याने देऊ शकत नाही. म्हणून आधी विमा कंपनी काय म्हणते ते त्यांना लेखी हवं असतं. तुम्ही लिहिता, ‘होमओनर्समध्ये पुराचं काही मिळत नाही हे माहीत होतं, म्हणून क्लेमच टाकला नाही.’ इथेच गाडी अडली. क्लेम टाका. कंपनी नाही म्हणेल, म्हणू दे. तो लेखी नकारच तुम्हाला हवाय. आयुष्यात नकाराची वाट बघायची वेळ क्वचित येते, ही त्यातली एक.

तो हातात आला की अपील करा. पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. पत्र तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नव्हे, हे लक्षात ठेवा. प्रत्येक पानावर अर्ज क्रमांक आणि डिझास्टर क्रमांक लिहा, कारण स्कॅन होताना पानं एकमेकांपासून सुटतात. सोबत कंत्राटदाराचं अंदाजपत्रक जोडा, पण ‘घरदुरुस्ती, ३८,००० डॉलर’ असं एका ओळीचं नको. ड्रायवॉल किती, वायरिंग किती, वॉटर हीटर किती, असं सुटं सुटं हवं.

आता आणखी एक, जे ऐकायला कोणालाच आवडत नाही. हेलीनसाठी घराच्या मदतीची कमाल मर्यादा ४२,५०० डॉलर आहे, आणि ती सगळ्यांना पूर्ण मिळते असं नाही. ही रक्कम घर सुरक्षित आणि राहण्याजोगं करण्यासाठी असते, होतं तसं करून देण्यासाठी नसते. ग्रॅनाइटचा ओटा त्यात बसत नाही. उरलेल्या कामासाठी एसबीएचं, म्हणजे सरकारच्या स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं, आपत्ती कर्ज बघा. नावात ‘स्मॉल बिझनेस’ असलं तरी ते घरमालकांनाही मिळतं. घरदुरुस्तीसाठी ५,००,००० डॉलरपर्यंत, सामानासाठी १,००,००० पर्यंत, आणि पहिले १२ महिने व्याज नाही. पूर्वी काही प्रकारच्या मदतीसाठी आधी एसबीएकडे अर्ज करावा लागे. मार्च २०२४ पासून ती अट गेली, त्यामुळे शेजारी जुनं ज्ञान देत असेल तर हसून सोडून द्या.

तुम्ही फेमाच्या पूरधोक्याच्या क्षेत्रात असाल आणि पुराच्या नुकसानीसाठी ही मदत घेतलीत, तर पुढे फ्लड पॉलिसी ठेवावी लागते. नाही ठेवली तर पुढच्या पुरात मदत मिळत नाही. आणि हो, मिल्टनच्या वाऱ्याने छपराचंही नुकसान झालं असेल तर त्याचा अर्ज वेगळा. दोन आपत्ती, दोन अर्ज.

पुराव्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. २७ तारखेला सकाळी मी घरात पाऊल टाकलं, तेव्हा चहाच्या कपात सुकून राहते तशी तपकिरी रेघ सगळ्या भिंतींवर होती. नवरा गाळ काढायला लागला होता. त्याला थांबवलं आणि शिवणाच्या डब्यातली टेप आणली. दिवाणखान्यात १७ इंच, मागच्या खोलीत १९. प्रत्येक खोलीत टेप भिंतीला धरून फोटो काढला, आकडा दिसेल असा. फ्लड अ‍ॅडजस्टर (विम्याकडून नुकसान तपासायला येणारा माणूस) उगवला अठराव्या दिवशी, तोवर मिल्टनही येऊन गेलं होतं. भिंती कंबरेपर्यंत कापून झाल्या होत्या, लाकडी खांब तेवढे उघडे. ती रेघ उरली होती फक्त फोनमध्ये.

आम्ही एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर आहोत. मुलगी साडेतीन वर्षांची, जन्म इथलाच. ऑफिसमध्ये सगळे म्हणतात, व्हिसावाल्यांनी फेमाला हात लावायचा नाही, ग्रीन कार्ड अडकतं. खरं आहे का?

अर्धवट खरं, आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. रोख मदत अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या ठरावीक परदेशी नागरिकांना मिळते. एच-१बी त्या यादीत नाही. पण घरात एक जरी पात्र व्यक्ती राहत असेल तर अर्ज करता येतो, आणि तुमच्या घरात तशी व्यक्ती आहे. ती सध्या बहुधा क्रेयॉनने भिंत रंगवत असेल. आई किंवा बाबा अल्पवयीन मुलीच्या वतीने अर्ज करू शकतात. तिचा सोशल सिक्युरिटी नंबर लागेल.

एका गोष्टीत मात्र अजिबात गडबड नको. ऑनलाइन फॉर्म घाईघाईत भरताना नागरिकत्वाच्या प्रश्नावर स्वतःसाठी ‘हो’ टिचकी मारू नका. आपण नागरिक आहोत असं खोटं सांगणं इमिग्रेशनच्या कायद्यात फार महागात पडतं. चुकून झालं, हे नंतर पटवून देणं कठीण. माझ्या मते तुम्ही ऑनलाइन भानगडीत पडूच नका. १-८००-६२१-३३६२ वर फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की अर्ज मुलीच्या वतीने आहे. सहीचा कागद आला की तो पूर्ण वाचा.

ग्रीन कार्डचं म्हणाल, तर डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या ‘पब्लिक चार्ज’च्या (अर्जदार सरकारी मदतीवर विसंबून राहील का, हे पाहण्याच्या) नियमात आपत्तीची मदत धरत नाहीत. तरी तुमची फाइल ज्या वकिलाकडे आहे त्याला एक ईमेल टाका. तात्पुरता निवारा, अन्न, पाणी, समुपदेशन यांसाठी व्हिसा कुठला हा प्रश्नच येत नाही.

मिल्टननंतर दोन दिवसांनी एक माणूस दारात आला. म्हणाला, छप्पर बदलून देतो, डिडक्टिबल (विम्याआधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम) माफ, विम्याचं सगळं आम्हीच बघतो, फक्त इथे सही करा. सासरे म्हणतात, भला माणूस दिसतो. काय करू?

सासऱ्यांना चहा द्या आणि पेन लपवा.

फ्लोरिडात कंत्राटदाराने डिडक्टिबल माफ करणं बेकायदेशीर आहे. जो पहिल्याच भेटीत बेकायदा गोष्ट देऊ करतो, तो पुढे काय करेल? आधी राज्याच्या परवाना साइटवर, मायफ्लोरिडालायसन्स डॉट कॉमवर, त्याचा नंबर तपासा.

हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते आणि सांगताना लाज वाटते. २०१७ मध्ये इर्मानंतर असाच एक पोर्चवर आला होता. संध्याकाळची वेळ, वीज नव्हती, त्याच्या टॅबलेटचा तेवढा उजेड. मी, जी दिवसभर इतरांना ‘वाचून सही करा’ सांगायची, तिने न वाचता बोटाने सही केली. आठवड्याने विमा कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘मॅम, हा क्लेम आता तुमचा नाही.’ क्लेमचे हक्क मी त्याच्या नावावर करून बसले होते. छपरावर निळी ताडपत्री सात महिने फडफडत होती. त्या वेळी हे कायदेशीर होतं. १ जानेवारी २०२३ पासून निघालेल्या घरांच्या पॉलिसींवर फ्लोरिडाने असं हक्क सोपवणं बंद केलंय. तरीही जुने छापील फॉर्म घेऊन फिरणारे भेटू शकतात.

ताडपत्रीच हवी असेल तर लष्कराच्या इंजिनिअर कोअरचा ‘ब्लू रूफ’ कार्यक्रम चालू आहे का ते आपल्या काउंटीसाठी बघा. तो असेल तेव्हा फुकट असतो.

विम्याचा चेक येईल तेव्हा त्यावर तुमच्याबरोबर बँकेचंही नाव असेल, कर्ज चालू असेल तर. घाबरू नका. बँक पैसे अडकवून ठेवते आणि काम होईल तसे हप्त्याने सोडते. कंत्राटदाराशी बोलताना हे आधीच सांगा, नाहीतर तो अर्धी रक्कम रोख मागेल आणि तुमच्या खात्यात काहीच नसेल.

हेलीनमध्ये वाऱ्याने कुंपण आणि थोडं छप्पर गेलं, साधारण २,००० डॉलरचं. डिडक्टिबल ८,०००, म्हणून कळवलंच नाही. आता मिल्टनमध्ये मोठं नुकसान झालंय. ते जुनं विसरायचं ना?

मुळीच नाही! फ्लोरिडात हरिकेन डिडक्टिबल कॅलेंडर वर्षात एकदाच लागतं, त्याच विमा कंपनीकडे पॉलिसी असेल तर. हेलीनचे २,००० त्यातून वजा होतात आणि मिल्टनसाठी ६,००० उरतात. फक्त ते आधीचं नुकसान कंपनीच्या दप्तरी हवं, पावत्यांसकट. आजच कळवा. नोटीस द्यायला नुकसानीच्या तारखेपासून एक वर्ष आहे, पण तुम्ही कशाला थांबता?

आमचं घर किनाऱ्याजवळ, १९६४ चं, बैठं. परवाना मागितला तर म्हणाले, ‘५० टक्क्यांच्या नियमात अडकतंय, घर उंच करा.’ घर तर ५,२०,००० चं आहे आणि दुरुस्ती ९०,००० ची!

दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की हा नियम लागतो, पण त्या हिशोबात जमीन धरत नाहीत, नुसती इमारत धरतात. किनाऱ्यावर किंमत असते ती मातीची. काउंटीच्या कागदावर तुमची इमारत १,६०,००० ची असेल, तर ८०,००० ला रेघ ओलांडली. पण काउंटीचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. परवानाधारक मूल्यांकनकाराकडून इमारतीची वादळाआधीची बाजारकिंमत काढून घ्या. बरीच शहरं ती मान्य करतात. ती १,९५,००० आली तर तुम्ही सुटलात. मेहुण्याने फुकट टाइल्स बसवल्या तरी त्या मजुरीचा बाजारभाव खर्चात धरतात, तेव्हा ती युक्ती नको. आणि नाहीच सुटलात, तर फ्लड पॉलिसीत घर उंच करण्यासाठी ३०,००० डॉलरपर्यंत वेगळी तरतूद असते. ती स्वतःहून मागावी लागते.

अ‍ॅडजस्टर येईपर्यंत ओला गालिचा तसाच ठेवायचा का? वास सहन होत नाही.

फेकून द्या. दोन दिवसांत बुरशी धरते, आणि नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी असते. आधी फोटो काढा, फ्रिज आणि वॉशरचे सीरियल नंबर टिपा, आणि गालिच्याचा वीतभर तुकडा कापून झिपलॉकमध्ये ठेवा. माझ्या अ‍ॅडजस्टरने तोच मागितला, उलटासुलटा केला, अस्तर चिमटीत धरून पाहिलं आणि प्रतीच्या रकान्यात एक पायरी वर लिहिली.