निकाल हाती येण्याआधीच ठरव, कोणाला काय सांगायचंय

तुझ्या संशोधनाचे निकाल लोकांपर्यंत कसे पोहोचवायचे, तो प्रसाराचा आराखडा प्रकल्पाच्या शेवटच्या तीन महिन्यांवर ढकलू नकोस. मी तेच केलं होतं. अहवाल झाला, पण ज्या दुकानदारांसाठी आम्ही वस्तूंना पर्यावरणपूरकतेचे गुण देणारं अ‍ॅप तपासलं, त्यांच्यापर्यंत एक ओळही पोहोचली नाही. ती रुखरुख अजून आहे.

आधी वाचक वेगळे कर. धोरण ठरवणाऱ्याला दोन पानं पुरतात, आणि शिफारस पहिल्याच परिच्छेदात हवी. अ‍ॅप बनवणाऱ्याला मात्र गुणांकनाची पद्धत, कच्चा डेटा आणि तो वापरण्याचा परवाना लागतो. डेटा झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेव. तिथे डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे दुवा मोडत नाही. सहभागी लोकांची ओळख पटेल असं काही त्यात राहू देऊ नकोस.

ग्राहकाशी बोलताना सर्वात जास्त जपावं लागतं. युरोपीय संघाच्या ऊर्जा लेबलवर ए+, ए++, ए+++ अशी गर्दी झाली आणि फरकच कळेनासा झाला. म्हणून मार्च 2021 पासून फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्यासाठी पुन्हा साधी ए ते जी श्रेणी आणली. तुझा आलेखही असाच एखाद्या अनोळखी माणसाला दाखव, काही न समजावता, आणि तो काय वाचतो ते ऐक.

आणखी एक. ‘लोक हिरवा (पर्यावरणपूरक) पर्याय निवडतात’ असं सरसकट लिहू नकोस. प्रश्नावलीत निवडणं आणि खरोखर पैसे मोजणं यात मोठं अंतर असतं. तू यातलं काय मोजलंस, ते शीर्षकातच येऊ दे.