लेखक, वाचक आणि समाजमाध्यमे

पुस्तक लिहून झाल्यावर वाचकापर्यंत कसे पोहोचावे, याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह लवकरच प्रसिद्ध होत आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स अशा सर्व ठिकाणी खाती उघडावीत, असा प्रकाशकांचा आग्रह आहे. मला भीती वाटते की यातच सगळा वेळ जाईल आणि लेखन मागे पडेल. काय करावे?

आपली भीती रास्त आहे. सर्व ठिकाणी खाती उघडू नयेत, एकच माध्यम निवडावे. ते निवडताना ‘गर्दी कुठे आहे’ यापेक्षा ‘मला कोणत्या रीतीने बोलणे जमते’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. ज्यांना सविस्तर लिहिण्याची सवय आहे त्यांना फेसबुक सोयीचे पडते. मोजक्या ओळी आणि छायाचित्र यांतून बोलणाऱ्यांना इन्स्टाग्राम मानवते. ज्यांचे वाचन ऐकावेसे वाटते त्यांनी यूट्यूबवर आपल्या कथांचे अभिवाचन करावे. न मानवणाऱ्या माध्यमावर ओढूनताणून केलेले लेखन वाचकाला लगेच कळते आणि ते लेखकालाही फार दिवस झेपत नाही.

अमेरिकी कादंबरीकार जॉन ग्रीन यांचे उदाहरण मला या बाबतीत फार शिकण्यासारखे वाटते. त्यांनी आणि त्यांचे बंधू हँक यांनी 2007 च्या जानेवारीत यूट्यूबवर एकमेकांना उद्देशून चित्रफिती करायला सुरुवात केली. एकमेकांशी लेखी संपर्क बंद ठेवून वर्षभर चित्रफितींतूनच बोलायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्या चित्रफितींत पुस्तकाची जाहिरात हा मुख्य विषय नव्हता. दोन भावांना ज्या गोष्टींचे कुतूहल होते, त्यांविषयी ते बोलत. पुढे 2012 मध्ये ग्रीन यांची नवी कादंबरी आली, तेव्हा पहिल्या छपाईच्या दीड लाख प्रतींवर त्यांनी स्वतः स्वाक्षरी केली. त्या प्रतींची वाट पाहणारा वाचक आधीच्या पाच वर्षांत जमलेला होता, आणि लेखक आपल्याला काही विकायला आला आहे असे त्याला वाटत नव्हते.

म्हणून पुस्तक येण्याच्या आठवड्यात खाते उघडून रोज ‘माझे पुस्तक घ्या’ असे सांगण्याचा उपयोग होत नाही. कथेतून गाळलेला एखादा परिच्छेद आणि तो का गाळला त्याचे कारण, मुखपृष्ठाचे नाकारलेले आराखडे, सध्या आपण काय वाचत आहात, दुसऱ्या लेखकाच्या एखाद्या कथेत आपल्याला काय आवडले, हे सारे लिहावे. इतरांच्या पुस्तकांविषयी मनापासून लिहिणाऱ्या लेखकावर वाचकांचा विश्वास लवकर बसतो, असे मला दिसून आले आहे. वेळेचे म्हणाल, तर दिवसातले लेखनाचे तास आधी बाजूला काढावेत, त्या तासांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि उरलेल्या वेळात माध्यमाकडे वळावे.

प्रश्न : माझ्या पोस्टना शेकडो लोक पसंती देतात, परंतु पुस्तकाला मागणी नाही. हे असे का होते?

पसंतीच्या चिन्हावर बोट टेकवायला क्षणही लागत नाही. पुस्तक घ्यायला पैसे लागतात आणि ते वाचायला कित्येक तास द्यावे लागतात. या दोन कृतींमध्ये मोठे अंतर आहे आणि ते एका पोस्टने मिटत नाही. त्यातही आपली प्रत्येक पोस्ट आपल्या सर्व अनुयायांना दिसते, हा समज सोडून द्यावा. कोणाला काय दाखवायचे हे त्या कंपनीचे अल्गोरिदम, म्हणजे मजकुराची निवड करणारी संगणकीय नियमावली, ठरवते आणि त्याचे नियम बदलत राहतात. संस्था, व्यवसाय आणि प्रसिद्ध व्यक्तींच्या पेजवरील मजकुरापेक्षा मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे फेसबुकने 2018 च्या जानेवारीत जाहीर केले. वर्षानुवर्षे जोपासलेल्या पेजची पोहोच अशी कंपनीच्या एका निर्णयाने घटू शकते. कधी कधी तर माध्यमच नाहीसे होते : ऑर्कुट 2014 च्या सप्टेंबरअखेर बंद झाले आणि सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस 2019 च्या एप्रिलमध्ये. समाजमाध्यम हे भाड्याचे घर आहे. तिथे जरूर राहावे, पण आपल्या वाचकांचे पत्ते स्वतःजवळ असू द्यावेत.

हे पत्ते म्हणजे ज्यांनी आपणहून दिले आहेत असे ईमेल किंवा फोन क्रमांक. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आणि आपल्या खात्याच्या परिचयात ‘नव्या लेखनाची खबर हवी असल्यास येथे नाव नोंदवा’ एवढी ओळ पुरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी. ग्रुप केला तर सर्वांचे क्रमांक एकमेकांना दिसतात, आणि अनेक वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, ते नको असते. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांची मर्यादा आहे, शिवाय ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. 2023 पासून मिळू लागलेल्या चॅनेलच्या सोयीत वाचकांचे क्रमांक एकमेकांपासून झाकलेले राहतात, मात्र तिथला संवाद बहुतांशी एकतर्फी असतो. संमतीवाचून कोणाचाही क्रमांक कोणत्याही यादीत घालू नये.

ब्रँडन सँडरसन या कल्पनारम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाने 2022 च्या मार्चमध्ये यूट्यूबवरील एका चित्रफितीतून आपण चार कादंबऱ्या गुपचूप लिहिल्याचे जाहीर केले आणि त्या छापण्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळावर वाचकांकडून 4 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. या यशाचे श्रेय अनेक जण त्या एका चित्रफितीला देतात. परंतु कोणत्या पुस्तकाचे काम किती टक्के झाले आहे, हे दाखवणारी पट्टी त्यांच्या संकेतस्थळावर आधीपासून असे, आणि दर वर्षाअखेरीस आपल्या कामाचा सविस्तर वृत्तान्त ते वाचकांपुढे ठेवत. मला या सातत्याचे मोल अधिक वाटते.

प्रश्न : फेसबुकवर टाकलेली कविता नंतर मासिकाकडे पाठवता येते का? आणि ती कोणी स्वतःच्या नावाने फिरवली तर?

अनेक मासिके आणि स्पर्धा सार्वजनिक पोस्टला ‘पूर्वप्रकाशित’ मानतात. म्हणून जी कविता छापून यावी असे वाटते, ती आधी पोस्ट करू नये, किंवा निदान त्या मासिकाचे नियम आधी वाचावेत. पोस्ट केल्याने आपला स्वामित्वहक्क जात नाही. तो आपलाच राहतो. कंपनीला तो मजकूर दाखवण्याचा आणि साठवण्याचा परवाना मात्र आपण दिलेला असतो. चोरी झाल्यास आधी त्या पोस्टचा स्क्रीनशॉट घ्यावा, मूळ पोस्टची तारीख दाखवून नाव देण्याची विनंती करावी आणि ती मानली न गेल्यास त्या माध्यमाकडे स्वामित्वहक्कभंगाची तक्रार नोंदवावी. कवितेच्या चित्रातच आपले नाव लिहून ठेवले तर निनावी फिरण्याची शक्यता बरीच कमी होते.

प्रश्न : मी लेखक नाही, केवळ वाचक आहे. आवडत्या लेखिकेला थेट संदेश पाठवणे योग्य ठरेल का?

अवश्य पाठवावा. कोणते पान, कोणते पात्र, कोणते वाक्य मनात राहिले ते लिहावे; ‘छान लिहिता’ यापेक्षा ते लेखकाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. उत्तर आले नाही तर राग मानू नये, आणि आपले हस्तलिखित न विचारता सोबत जोडू नये. शक्य असल्यास तोच मजकूर पुस्तकाचे नाव घालून आपल्या खात्यावरही लिहावा, कारण नव्या पुस्तकाकडे दुसरा वाचक बहुधा अशाच वाचकाचे बोट धरून येतो.

प्रश्न : एका वाचकाने माझ्या कादंबरीवर अतिशय कठोर, आणि माझ्या मते अन्यायकारक, परीक्षण लिहिले आहे. मी उत्तर द्यावे का?

देऊ नये. वाचकाने पुस्तक विकत घेऊन, वाचून, आपले मत मांडले आहे. तो त्याचा अधिकार आहे. लेखक तिथे हजर झाला की इतर वाचक मोकळेपणाने बोलेनासे होतात, आणि ते नुकसान त्या एका परीक्षणापेक्षा मोठे असते. एखादी तथ्याची चूक दाखवली असेल तर आभार मानून पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी. मित्रांकरवी किंवा खोट्या खात्यांवरून स्तुती लिहून घेणे तर सर्वस्वी गैर आहे.

पुस्तक न वाचताच केलेला मारा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. 2023 च्या जूनमध्ये अमेरिकी लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांची रशियाच्या पार्श्वभूमीवरील आगामी कादंबरी जाहीर होताच, युक्रेनमधील युद्धामुळे दुखावलेल्या अनेकांनी गुडरीड्स या वाचकांनी पुस्तकांना तारे देण्याच्या संकेतस्थळावर तिला एक तारा, म्हणजे सर्वांत कमी गुण, दिला. पुस्तक अद्याप कोणाच्याही हाती पडलेले नव्हते. गिल्बर्ट यांनी त्याचे प्रकाशन स्वतःच स्थगित केले. त्या लोकांचे दुःख खरे होते, यात शंका नाही. तरीही न वाचलेल्या पुस्तकावर दिलेला निवाडा साहित्याच्या दृष्टीने घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी प्रत्येकाशी वाद न घालता एक संयत निवेदन द्यावे आणि शिवीगाळ किंवा धमकी असल्यास त्या माध्यमाकडे आणि गरज पडल्यास पोलिसांकडे तक्रार करावी.

प्रश्न : मी कादंबरी प्रकरणाप्रकरणाने पोस्ट करत आहे. वाचक कथानक बदलायला सांगतात. त्यांचे किती ऐकावे?

हा प्रश्न समाजमाध्यमांहून जुना आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला कथेत मारले, तेव्हा वाचकांनी निषेधाची पत्रे पाठवली. होम्स जिवंत असल्याची कथा 1903 मध्ये आली. तेव्हा पत्र पोहोचायला दिवस लागत, आज प्रतिक्रिया काही क्षणांत येते, आणि त्यामुळे विचार करायला लागणारा अवकाशच नाहीसा होतो.

वाचकांच्या सूचना कोणत्या प्रकारच्या आहेत, हे आधी पाहावे. अँडी वेअर यांनी मंगळावर अडकलेल्या अंतराळवीराची कादंबरी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली, तेव्हा विज्ञान जाणणाऱ्या वाचकांनी त्यातल्या चुका दाखवल्या आणि वेअर यांनी त्या सुधारल्या. पुढे वाचकांच्याच मागणीवरून 2011 मध्ये तिचे किंडलसाठी ई-पुस्तक झाले आणि 2014 मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती छापली. माहितीतली चूक, कालक्रमातली विसंगती, न समजलेला प्रसंग, यांविषयी वाचक जे सांगतो ते जवळजवळ नेहमी ऐकण्यासारखे असते. ‘नायिकेचे लग्न त्याच्याशी लावा’ ही सूचना मात्र दुरुस्ती नसते. ती पात्राविषयी वाटणारी आपुलकी असते. तिचा आनंद मानावा, पण तिच्यासाठी कथा वळवू नये. आपण अजून शेवट लिहिला नसेल, तर नवी प्रकरणे टाकणे काही काळ थांबवावे, वाचकांना तसे प्रांजळपणे सांगावे आणि कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण करूनच पुढचे प्रकरण त्यांच्यापुढे ठेवावे.