आधी पाणी, मग नकाशा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नगररचनेच्या अभ्यासाची सुरुवात धुळ्यापासून करण्याचा तुझा बेत मला पटला; मात्र क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या पाहून तिथेच थांबू नकोस. त्या आखणीचे श्रेय आपल्याकडे सर्रास विश्वेश्वरय्यांना दिले जाते, पण त्यांचा जन्मच 1861 चा, आणि नवे धुळे वसवण्याचे काम इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी 1819 मध्येच हाती घेतले होते. विश्वेश्वरय्यांचा या भागाशी खरा संबंध पांझरा नदीच्या पाटासाठी दातर्तीला बांधलेल्या सायफनचा, म्हणजे पाणी बंद नळातून पलीकडे नेणाऱ्या रचनेचा आहे, आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. ब्रिग्ज यांनी वसायला येणाऱ्यांना घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, बांधकामाला आगाऊ रकमाही दिल्या. शहर केवळ रेघा ओढून उभे राहत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

यानंतर बुऱ्हाणपूरला अवश्य जा. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळापासून खानदेशाची राजधानी तेच होते. तापी अगदी पायथ्याशी वाहत असतानाही मोगल अमदानीत, 1615 च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत तिथे कुंडी भंडारा उभारला गेला. सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे भूजल जमिनीखालच्या भुयारांत अडवून, विहिरीसारख्या शंभराहून अधिक कुंड्यांच्या माळेतून, निव्वळ उताराच्या बळावर ते शहरापर्यंत आणले होते. लष्कर, बाजार आणि कारागीर यांनी गजबजलेल्या त्या शहराचा आराखडा जमिनीवर शोधण्यापूर्वी तो जमिनीखाली शोधावा लागतो.

भुसावळ आणि जळगाव यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे रेल्वे आणि कापूस यांनी वाढीची दिशा ठरवली, त्यामुळे स्थानकापासून बाजारपेठेपर्यंत एकदा पायी चाललास तरी पुष्कळ उलगडेल. जळगावची महापालिकेची सतरा मजली इमारत पाहायला कोणीही जातो. तू मात्र शहरातले नाले कुठून निघतात आणि कोणत्या वसाहतीखाली गडप होतात, याची नोंद कर. पांझरेच्या 1872 च्या पुराने धुळ्यातली कितीतरी घरे नेली होती, म्हणून नदीकाठची जुनी आणि नवी बांधकामे पूररेषेशी ताडून पाहा. हे काम पावसाळ्यापूर्वी एकदा आणि भर पावसात एकदा, असे दोनदा करावे लागेल. दोन्ही वेळच्या नोंदी एकाच नकाशावर, निरनिराळ्या रंगांत घेऊन माझ्याकडे पाठव.