अवधाण म्हणजे गाठ की गाठीची सूज?

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका ताईंनी विचारलंय: मुलाच्या टाचेत खिळा घुसला, दुसऱ्या दिवशी जांघेत गाठ आली. सासूबाई म्हणाल्या, अवधाण आलंय. डॉक्टर म्हणाले, गिल्टी है. दोन्ही एकच का? आणि अवधाण म्हणजेच लसीका ग्रंथी का?

नाही, ताई. लसीका ग्रंथी जांघेत, काखेत, मानेत जन्मभर असतात. अवधाण 'येतं' आणि 'बसतं'. म्हणजे ती ग्रंथीची सूज. गिल्टी कशानेही आलेली चालते. अवधाण म्हटलं की मूळ दुखणं दुसरीकडे आहे, हे आलंच. पायाला लागलं तर जांघेत, हाताला लागलं तर काखेत. म्हणून मला हा शब्द कधीही सरस वाटतो. (आपल्या इंदुरी मराठीत 'गिल्टी निघाली' सर्रास चालतं, ते सोडा.) लक्ष या अर्थाचं अवधान वेगळं, त्यात 'न', आणि ते द्यायचं असतं.

आता पायाचं जांघेत कसं पोचतं? जंतूंचे अंश, म्हणजे प्रतिजन, काही लसीकेबरोबर, म्हणजे पेशींभोवतून झिरपून वाहिन्यांत जमणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, आपसूक वाहत येतात. बाकीचे त्वचेतल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे फांद्या फुटलेल्या पहारेकरी पेशी, उचलून आणतात. पाउल लांगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ साली त्यांतला एक प्रकार त्वचेत पाहिला आणि फांद्यांवरून तो मज्जासंस्थेचा समजला. प्रतिजन गिळला की या पेशींच्या पृष्ठभागावर सीसीआर७ हा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, वाढतो. लसीकावाहिनीच्या भिंतीतून सीसीएल२१ हे प्रथिन पाझरत असतं. ते जिकडे दाट लागेल तिकडे पेशी सरकते, वाहिनीत शिरते आणि एक-दोन दिवसांत ग्रंथीत पोचून टी पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, प्रतिजन दाखवते. ग्रंथीतही उचलाउचल चालूच. पूरक प्रथिनं (जंतूंना चिकटणारी रक्तातली प्रथिनं) चिकटलेला प्रतिजन बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, आपल्या ग्राहींवर धरून आतल्या भागात नेऊन देतात, तो त्यांच्या ओळखीचा नसला तरी. हमालाला पेटीत काय आहे याच्याशी काय करायचंय! ज्यांना ओळख पटते त्या पेशी भराभर वाढतात, रक्तातून आलेल्या पेशी काही काळ आतच अडकतात आणि ग्रंथी फुगते.

ग्राहीऐवजी कुणी 'संवेदक' लिहितात, पण त्याने वाचकाला यंत्रातला सेन्सर आठवतो. ग्राहीच बरा.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालंच असेल. जखम नसताना आलेली किंवा जखम भरूनही दोन-तीन आठवडे न बसलेली गाठ मात्र अवधाण म्हणून घरी ठेवू नये. ती डॉक्टरांना दाखवायची.